वरच्या मजल्यावरचा कवी

अण्णा, स्टुटगार्टला आमच्या वरच्या मजल्यावर एक युक्रेनियन बाई राहायच्या, हे तुम्हाला फोनवर सांगितलं होतं. जे सांगितलं नाही ते आज लिहितेय. त्यांच्याकडे पहिल्यांदा कॉफीला गेले, तर भिंतीवर झुबकेदार मिशांच्या गृहस्थांची तसबीर, आणि तिच्यावरून दोन्ही बाजूंना सोडलेलं भरतकामाचं लांब पांढरं कापड. आपल्याकडे तसबिरीला हार दिसला की माणूस गेलेला. मी आपले हात जोडले आणि चेहरा पाडून विचारलं, "तुमचे वडील का? कधी गेले?" त्या आधी गोंधळल्या, मग हसत सुटल्या. "शंभरावर वर्षं झाली. आमचे कवी आहेत हे. पण तुमचं चुकलं नाही, आम्ही सगळे त्यांना बापच म्हणतो."

मग त्या सांगत राहिल्या. जमीनदाराच्या मालकीचा भूदास म्हणून जन्मलेला माणूस. देश नकाशावर नव्हता तेव्हा त्याच्या कविता होत्या. आजीच्या घरी देवाच्या चित्रांशेजारी त्याचं पुस्तक असायचं. सोव्हिएत सरकारही त्याचे पुतळे उभारायचं, पण मे महिन्यात, त्याचे अवशेष मायदेशी आणल्याच्या दिवशी, पुतळ्यापाशी फुलं वाहिली की नाव टिपून घ्यायचं. त्यांच्या मामाची नोकरी त्यात गेली. मी ऐकत होते आणि मला तुम्ही दिसत होता, शाळेच्या हॉलमध्ये, आपल्याकडच्या एका कवीच्या पुण्यतिथीला, पहिल्या रांगेत. मी पाचवीत, स्टेजवर, तुमच्या आवडत्या कवितेच्या तिसऱ्या कडव्याला अडकलेली. सगळ्यांसमोर तुम्ही म्हणालात, "मराठीच्या मास्तरांच्या मुलीला एवढं येऊ नये? बस खाली." मी बसले, आणि ठरवलं की माझ्या मुलीला कधी पाठांतर करायला लावणार नाही. ते इतकं इमानेइतबारे पाळलं की तिला मराठी कळतं, पण उत्तर जर्मनमध्येच येतं.

मार्चमध्ये त्या कवीची जयंती चर्चच्या हॉलमध्ये होती. त्या बाईंची मुलगी माझ्या मुलीच्याच वर्गातली, तिच्याबरोबर रोज बसून आमच्या कन्येनं आठ ओळी पाठ केल्या होत्या, युक्रेनियनमध्ये. उसना भरतकामाचा झगा घालून, ताठ उभं राहून, न अडखळता तिनं त्या म्हटल्या. म्हाताऱ्या बायका डोळे पुसत होत्या. परतताना एस-बानमध्ये, म्हणजे तिथल्या लोकलमध्ये, तिनं जर्मनमध्ये विचारलं, "मम्मा, आपला कवी कोण?" मी म्हटलं, खूप आहेत. "मग एक म्हणून दाखव." मी म्हटलं, आपलं स्टेशन आलं, कोट घाल.

त्या रविवारी तुम्ही फोनवर विचारलंत, काय विशेष. मी म्हटलं, "नातीनं कार्यक्रमात कविता म्हटली, अण्णा." "कुठली?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तुमचीच आवडती."  तिकडून तुमचा नाक शिंकरल्याचा आवाज आला.

पुढच्या रविवारपासून सुरू झालं, "मला ऐकव की गं." सर्दी आहे, पोहायला गेलीय, वाढदिवसाला गेलीय. फोन वाजला की उचलण्याआधी मी नवं कारण शोधायची. तिला ती कविता शिकवायला बसले नाही असं नाही. चार दिवसांत तिनं वही मिटली. "वर सगळेच म्हणतात, मम्मा. इथे फक्त तूच."  तोवर तुम्ही तुमच्या शाळेत सांगून मोकळे झाला होतात. दिवाळीला आम्ही आलो की तिचा कार्यक्रम, मुख्याध्यापकांशी बोलणं झालंय, खुर्च्यांचंसुद्धा ठरलंय. तिकिटं काढलेली होती. मी रोज ठरवायची की आज खरं सांगून टाकू, आणि रोज तुमच्या त्या नाक शिंकरण्याची आठवण यायची.

सप्टेंबरमध्ये दादाचा फोन आला. तुम्ही झोपेतच गेला होतात. मी रडले अण्णा, पुष्कळ रडले, अजूनही रडते. पण ते नंतर. दादा बोलत होता त्या पहिल्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं.