सध्याचा पत्ता, रजिस्टर पोस्टाने

३ फेब्रुवारी २५६७, शनिवार

साल इथलंच, बुद्धाचं, लिहितो. थायलंडात वर्षानुवर्षं राहून अजून इंग्लंडचं साल लिहिणारे लोक मला माहीत आहेत. त्यांच्याविषयी काही न लिहिलेलं बरं.

नव्वद दिवसांचा कागद आता द्यायला हवा. परदेशी माणसाने दर नव्वद दिवसांनी इमिग्रेशन कचेरीला कळवायचं की मी अजून याच पत्त्यावर राहतो. एवढंच. गावातले बाकीचे गोरे त्यासाठी बसने नोंगखाईला जातात, नाहीतर मोबाईलवर काहीतरी दाबतात. मी पोस्टाने पाठवतो. आत फॉर्म, पासपोर्टच्या पानांच्या झेरॉक्स, आणि तिकीट लावलेलं, पत्ता लिहिलेलं एक रिकामं पाकीट. त्या पाकिटातून शिक्का मारलेली पावती परत येते. शीतगृहांची यंत्रं दुरुस्त करण्यात माझं आयुष्य गेलं. इतकी बिनआवाजी चालणारी यंत्रणा मी दुसरी पाहिली नाही.

संध्याकाळी बुप्पाचा फोन. ती मुलीचं, सुदाचं, बाळंतपण करायला रयोंगला गेली त्याला महिना होईल. सुदाच्या शेजारचं घर रिकामं झालंय म्हणे. दोन खोल्या, मागे फणसाचं झाड. मालकीण महिनाअखेरपर्यंत थांबायला तयार आहे. ये, बघ, मग हो म्हणू, मी एकटी हो म्हणणार नाही, असं म्हणाली.

म्हणालो, पावती हातात आली की निघतो.

म्हणाली, पावती घरी येईल, बुनलर्ट घेऊन ठेवेल. बुनलर्ट म्हणजे तिचा भाऊ, दोन घरं सोडून राहतो.

मी समजावलं, की फॉर्मवर मी इथे राहतो असं लिहिणार, आणि पावती येईल तेव्हा मी रयोंगला असणार. मग त्याचा अर्थ काय होईल?

म्हणाली, त्याचा अर्थ तू रयोंगला आहेस असा होईल.

कायद्याची बारीक बाजू बायकोला फोनवर समजावणं अवघड.

१२ फेब्रुवारी

फॉर्म भरला. थाई अक्षरं मी कुणाकडे शिकलो नाही. शाम्पूच्या बाटल्या आणि बसच्या पाट्या वाचून शिकलो. तरी माझं अक्षर बघून तालुक्याच्या कारकुनाने एकदा विचारलं होतं, काका, भिक्षू होतात का? पाकीटही हातानेच लिहिलं. सगळ्या झेरॉक्सवर निळ्या शाईने सही. काळ्या शाईची सही झेरॉक्ससारखीच दिसते, हे लोकांच्या लक्षात येत नाही.

उर्स आला. स्विस आहे, पण त्याचा फायदा काही दिसत नाही. टेबलावरचं सगळं बघून म्हणाला, क्लाइव्ह, लग्नाची पत्रिका पाठवतोयस का रे? मोबाईलवर तीन मिनिटांचं काम आहे.

म्हटलं, तीन मिनिटांत केलेल्या कामाला तीन मिनिटांचीच किंमत.

बुप्पा कधी येणार, विचारलं त्याने. सोंक्रानपर्यंत, असं सांगितलं. एप्रिलातल्या या नवीन वर्षाला ती घरी नाही असं झालेलं नाही. शिवाय बाळं वाढतात. ती काही तशीच राहत नाहीत.

१४ फेब्रुवारी

पाठवलं. पोस्टातल्या मुलीने वजन केलं, शिक्का मारला आणि विचारलं, काका, मॅडमना रयोंगला काही पाठवायचंय का आज? आजच्या दिवशी सगळे पाठवतात, म्हणून विचारलं.

नाही म्हटलं. फक्त कचेरीला.

संकल्प: पावती येईपर्यंत कपाट आवरून ठेवायचं. म्हणजे निघायला वेळ लागणार नाही.

२१ फेब्रुवारी

पावती नाही. कपाट तसंच. पावती कोणत्या दिवशी येईल ते माहीत नसताना कपडे बांधून बसण्यात अर्थ नाही. चुरगळतात.

बुनलर्ट सुकी मासळी घेऊन आला. पायरीवर बसला. इकडचं तिकडचं बोलून म्हणाला, दाजी, तुम्ही गेलात की खालच्या मजल्यावर माझी भाताची पोती ठेवू का? उंदीर फार झालेत माझ्याकडे.

मी जातोय असं कुणी सांगितलं, विचारलं.

ताई म्हणाली.

त्याला सांगितलं की अजून काही ठरलेलं नाही. पोती म्हणजे उंदीर इकडे येणार. मासळी चांगली होती. जरा खारट.

२७ फेब्रुवारी

आलं. पाकीट हातात घेतल्याबरोबर जाड लागलं. पावती इतकी जाड नसते.

आत माझाच सगळा कागद, जसाच्या तसा. वर पिवळी चिठ्ठी: फार लवकर पाठवलंत. २८ डिसेंबरला तुम्ही देशात नव्याने आलात. दिवस तिथून मोजा.

आठवलं. २८ डिसेंबरला आम्ही पूल ओलांडून लाओसला गेलो होतो. बुप्पाला रेशीम बघायचं होतं, मला फ्रेंच पाव. संध्याकाळी परत. देशाबाहेर पाऊल टाकलं की नव्वद दिवस पहिल्यापासून सुरू, हा नियम. त्या शिक्क्याच्या पानाची झेरॉक्स मीच आत घातली होती. सहीसकट.

माझी बेरीज बरोबर होती, हे इथे नोंदवून ठेवतो. आरंभ तेवढा बदलला.

बुप्पाला फोन केला. सगळं ऐकून घेतलं तिने. मग म्हणाली, मालकिणीला गुरुवारी सांगायचंय.

म्हटलं, थोडा वेळ माग.

म्हणाली, तिने दिलेलाच वेळ चाललाय हा.

मी लाओसचा नियम समजावून सांगायला लागलो. म्हणाली, माहीत आहे मला. गेल्या वर्षी चुलतबहिणीच्या लग्नात तू हाच नियम उर्सला अर्धा तास सांगत होतास. माझं ताट गार झालं होतं.

तिची स्मरणशक्ती चांगली आहे. मी नेहमी म्हणतो.

१ मार्च

घर गेलं. वेल्डिंगवाल्याच्या कुटुंबाने घेतलं. बुप्पाने अगदी साध्या आवाजात सांगितलं, मासे संपले असं सांगावं तसं.

म्हटलं, झालं ते बरंच झालं. रयोंगला समुद्राची हवा. फ्रीजच्या मागच्या नळ्या चार वर्षांत खाऊन टाकते ती. हे मी कामाच्या अनुभवावरून सांगतोय.

मग तू सुदाच्या खोलीतच राहणार का, विचारलं. हो म्हणाली. पुढच्या भागात पडदा लावलाय. पडद्यामागे दोन माणसं मावतील, असंही म्हणाली.

ही तात्पुरती व्यवस्था आहे. मोठा निर्णय घाईत न घेतलेला बरा.

आज अंडी उकडून खाल्ली. कालही तीच. बुप्पा करते ती पपईची कोशिंबीर बुनलर्टची बायको करून देते, पण ती मिरची मोजत नाही.

११ मार्च

दुसऱ्यांदा पाठवलं. या वेळी कुठेही फट ठेवली नाही. दिवस नव्याने मोजले, बोटांवर आणि कॅलेंडरवर, दोन्ही. दोन्ही पाकिटं कोरी करकरीत. पट्टीने रेघा आखून पत्ते लिहिले, वाळल्यावर रेघा खोडल्या. शेजारी शेजारी ठेवून पाहिली तर छापल्यासारखी एकसारखी दिसत होती. उर्सला मुद्दाम बोलावून दाखवली. म्हणाला, आता काचेच्या चौकटीत बसव.

जळतात लोक.

संकल्प: पावती आली की त्याच दिवशी रात्रीच्या बसचं तिकीट. बुप्पाला आधी सांगणार नाही. तिला चकित करायचं.

२२ मार्च

कचेरीतून फोन. बाईंचा आवाज. पहिली दोन वाक्यं त्या नीट बोलल्या, मग मागे कुणीतरी हसलं आणि त्यांनाही आवरेना. म्हणाल्या, काका, तुमचा कागद पास झाला. सगळं बरोबर आहे. फक्त तुमची पावती आम्ही आम्हालाच पाठवली.

मला कळलं नाही.

मग त्यांनी सांगितलं. आतल्या रिकाम्या पाकिटावरही मी कचेरीचाच पत्ता लिहिला होता. शिपायाने न बघता ते टपालात टाकलं. ते पोस्टात गेलं आणि तीन दिवसांनी त्यांच्याच दारात परत आलं. साहेबांनी सही करून घेतलं.

म्हणाल्या, अक्षर मात्र फार सुंदर आहे हो. सगळ्या ऑफिसने पाहिलं.

या बाईंना अक्षरातलं कळतं.

पुढे म्हणाल्या, तासाभराचा तर रस्ता आहे, येऊन घेऊन जा. नाहीतर मी फोटो काढून मोबाईलवर पाठवते.

नम्रपणे नाही म्हटलं. पोस्टाने मागितलेली गोष्ट पोस्टानेच यायला हवी. आज मी फोटो घेतला तर उद्या सगळेच घेतील. त्यांनी उसासा टाकला. म्हणाल्या, बरं, दुसरं पाकीट पाठवा. आणि काका, या वेळी तुम्ही जिथे राहता तिथला पत्ता लिहा.

२५ मार्च

पाकीट पाठवलं. पत्ता घरचा. पाचदा तपासला.

बुप्पाचा फोन. पास झाल्याचं तिला कळवलं होतं. म्हणाली, म्हणजे आता सुटलास. सोंक्रानला ये. सुदाचा नवरा गावी जाणार आहे, जागाही होईल. बाळ मान धरायला लागलंय.

म्हणालो, पास झाला हे तोंडी आहे. पावती हातात नाही.

मग तिने विचारलं, तुला यायचंय का?

म्हणालो, प्रश्न यायचं की नाही याचा नाहीच.

मग कशाचा आहे, म्हणाली. आणि मला एक सांगायचं होतं, म्हणाली.

तेवढ्यात मोबाईलची बॅटरी संपली. साठ टक्के दाखवत होती, पण या बॅटऱ्यांचा भरवसा नसतो. कधीकधी एकदम संपतात. परत चार्ज झाल्यावर उशीर झाला होता. ती लवकर झोपते.

२ एप्रिल

बुनलर्ट घराची निळी वही घेऊन आला. प्रत्येक घराची असते, सरकारी, आत राहणाऱ्यांची नावं. परदेशी माणसाचं नाव तीत नसतं. ते ठीकच आहे, नियम आहे.

बुप्पाने आपलं नाव रयोंगच्या वहीत हलवलंय. गुडघ्यासाठी. नाव जिथे असेल तिथल्या सरकारी दवाखान्यात फुकट बघतात. बुनलर्ट म्हणाला, दाजी, ताईने तुम्हाला सांगितलंच असेल.

हो म्हटलं.

तिच्या जागी इथल्या वहीत बुनलर्टचं नाव, तेव्हा आता घराचा कर्ता तो. कर्ता बदलला की घरात राहणाऱ्या परदेशी माणसाची वर्दी नव्याने द्यावी लागते. हा नियम मीच त्याला सांगितला. तो पायरीवर बसून मोबाईलवर भरू लागला. मी मागे उभा राहून लक्ष ठेवलं. पासपोर्टचा नंबर बरोबर. नाव बरोबर. मग थांबला. म्हणाला, दाजी, घरमालकाशी नातं काय लिहू?

म्हटलं, बहिणीचा नवरा.

डोकं खाजवलं त्याने. म्हणाला, तसं लिहिलं तर लग्नाचा कागद जोडा म्हणतंय, ताईचं नाव या वहीत का नाही तेही विचारेल. पाहुणा लिहू का? पाहुण्याला काही विचारत नाही.

म्हटलं, लिही. सोपं पडेल.

त्याने दाबलं आणि गेलं. शुद्धलेखनाची एकही चूक नाही. मुलगा हुशार आहे. उठताना त्याने पुन्हा पोत्यांचं विचारलं. आता त्याचंच घर, तर नाही कसं म्हणणार? एका भिंतीलगत ठेव म्हटलं.

पाकीट सुटीच्या आत येईल असा अंदाज.

१३ एप्रिल, सोंक्रान

आलं नाही. पोस्ट आता सुटीनंतर.

सकाळी बुनलर्टची मुलं वडीलधाऱ्यांच्या हातावर पाणी घालायला आली. दोन खुर्च्या मांडल्या होत्या. सवयीने. मुलांनी माझ्या हातावर सुगंधी पाणी घातलं, मी आशीर्वाद दिला. धाकटीने रिकाम्या खुर्चीकडे बघून विचारलं, आत्याच्या वाटणीचं पाणी कुठे घालू? तिच्या आईने तिला मागे ओढलं. म्हटलं, माझ्याच हातावर घाल. भरपूर होतं.

रयोंगला फोन केला. सुदाने उचलला. आई बाळाला घेऊन देवळात गेलीय, सांगते म्हणाली. मागे बरीच माणसं बोलत होती. हसत होती.

पोती अकरा झालीत. पोत्यांपाशी भाताचा वास येतो. वाईट नाही.

१८ एप्रिल

आली.

माझ्या अक्षरातलं, माझ्या नावाचं पाकीट. आत पावती. शिक्का सरळ. सही स्पष्ट. श्री. क्लाइव्ह रॅम्सडेन वर दिलेल्या पत्त्यावर राहतात, याची नोंद घेतली. एकही खाडाखोड नाही. एवढे सगळे दिवस लागले, पण पद्धत शेवटी पद्धत असते.

लगेच बुप्पाला फोन केला. तिने उचलला. पावती पहिल्या ओळीपासून वाचून दाखवली, घर नंबर, गाव, तालुका, सगळं. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही. वाचून झाल्यावर म्हणाली, छान झालं.

मी थांबलो. यानंतर ती नेहमी जे विचारते त्याचं उत्तर या वेळी माझ्याकडे तयार होतं. बसची वेळसुद्धा बघून ठेवली होती.

तिकडे बाळ कुरकुरत होतं. तिने त्याला काहीतरी म्हटलं. मग मला म्हणाली, जेवलास का?

हो म्हटलं. अंडी.

मग मीच सांगितलं की पुढची तारीख चोवीस जून, म्हणजे महिन्याच्या सुरुवातीलाच पाठवायला हवं.

बरं, म्हणाली. लिहून ठेव कुठेतरी.

लिहून ठेवलं.