रिलेची टकटक

४ नोव्हेंबर, मंगळवार

परत तेच! अँटेना बदलला की हेडफोनमध्ये फाड्‌कन आवाज. कानात कुणी लवंगी लावल्यासारखा. मग थोडा वेळ कुरकुर. नागपूरचे एक गृहस्थ नातवाच्या बारशाचं सांगत होते, नेमकं नाव ऐकायचं राहिलं. हेडफोन काढून टेबलावर आपटले.

लिहून काढते, म्हणजे डोकं जागेवर येईल. गच्चीवर तीन अँटेना. तिन्हींच्या केबल खाली एका पेटीत येतात. मी खोलीत बसून बटण फिरवायचं, पेटीतला रिले टक्‌ करून हवा तो अँटेना जोडून देतो. पेटी बाहेरून भिंतीला ठोकलेली — आणि भिंतीच्या आतल्या बाजूला आईंचा पलंग! म्हणजे माझ्या कानात फटाका, सासूबाईंच्या उशाशी टक्‌.

"अगं नम्रता, तुझ्या पेटीला खोकला झालाय. काढा दे तिला."

खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून आई पलंगावर आहेत. जीभ मात्र ठणठणीत.

सकाळचा हा एक तास माझा. दार लावून हॅम रेडिओवरच्या हौशी मंडळींशी बोलायचं, बस. तोही असा नासतो.

६ नोव्हेंबर

वरद आला होता, आईंचा व्यायाम घ्यायला. आज जरा कडक बोलला. "आजी, हाड छान जुळलंय. आता उठायलाच हवं. असंच पडून राहिलात तर पुढे मनात असूनही जमणार नाही."

"मला चालायला लावून कुठे पाठवायचंय? सिंहगडावर?"

पोरगा हसला. मला हसू आलं नाही. वॉकर आणल्यापासून कोपऱ्यात उभा आहे. त्यांनी एकदाही हात लावलेला नाही.

जाताना दारात मला म्हणाला, "काकू, पायांत काही दोष नाही. त्यांना उठावंसंच वाटत नाहीये."

मलाही वाटत नाही. पण मी उठते.

ऑफिसातून फोन. रजा कधी संपतेय? बिनपगारी रजा तरी किती देणार ते!

७ नोव्हेंबर

आई दुपारी झोपल्यावर पेटी उघडली. रिलेच्या कॉइलवरचा डायोड तडकलेला! तरीच. रिले बंद होताना कॉइलमधला झटका त्या डायोडनं गिळायचा असतो. तो गेला, म्हणून झटका थेट केबलमधून माझ्या कानात. ड्रॉवरमध्ये एक नवा पडला होता, तो सोल्डर करून बसवला.

फटाका गेला. कुरकुर आहेच.

सोल्डरिंग करत होते तेवढ्यात आतून हाक — पाणी. मग — पंखा. मग — पंखा नको.

९ नोव्हेंबर, रविवार

आनंदचा फोन, ओरिसाहून. नवरोबांच्या साइटवर वारा सुटला होता, अर्धं कळेना. पण मुद्दा कळला. "आईला थोडे महिने शुश्रूषा केंद्रात ठेवू या का? तुझे हाल बघवत नाहीत."

बघवत नाहीत म्हणे! बघतोस कुठे?

असं म्हटलं नाही. "विचार करते" म्हटलं. खरं तर त्याचं चुकत नाही. आज आईंना कुशीवर वळवताना माझ्या पाठीत अशी कळ आली की दोघीही तशाच थांबलो. मग त्या म्हणाल्या, "आता तुला कोण वळवणार?"

१० नोव्हेंबर

कुरकुर कायम. मीही कायम.

१२ नोव्हेंबर

सापडलं! पेटीकडे जाणाऱ्या वायरचा जोड पावसात गंजून हिरवा पडला होता. रिलेला पुरते बारा व्होल्ट मिळतच नव्हते, म्हणून तो धड चिकटत नव्हता — थरथरत बसायचा. जोड कापून नव्याने सोल्डर केला, वर प्लास्टिकची नळी चढवली. कुरकुर गेली.

उरलं ते टक्‌. त्याचा हेडफोनशी संबंध नाही, ते भिंतीतून आईंच्या उशाशी जातं. आज तीनदा ऐकून घेतलं. "आली बघा पोस्टातली शिक्का मारणारी!"

खालच्या कौशल्याबाईंना आईंजवळ बसवून तपकीर गल्लीत गेले, अमीनभाईंच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात. अमीनभाईंनी जुना रिले उलटसुलट करून पाहिला. "ताई, उघडा आहे हा, वाजणारच. बंद डबीतले घ्या, तुमच्या छोट्या सेटला चालतील." मलाही तेच हवे होते. पटकन घेऊन निघायचं, तर तिथेच स्टुलावर बसून राहिले. अमीनभाईंनी चहा मागवला. काही विचारलं नाही. किती दिवसांनी बाहेर बसून चहा प्यायले!

१४ नोव्हेंबर

आनंदला हो म्हटलं.

तो पुढच्या आठवड्यात येतोय, आईंना तोच सांगणार. मी कपाट उघडून त्यांचे गाऊन बाजूला काढत बसले. बरोबर कुठले द्यायचे, कुठले फार विरलेत. रडू येईल असं वाटलं होतं. नाही आलं. नुसती पाठ दुखत होती.

"कपाटात काय उलथापालथ चाललीय?" त्यांनी विचारलं.

"आवरतेय."

"आवर," म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड केलं.

१५ नोव्हेंबर

नवे रिले बसवले. पेटी आणि भिंतीच्या मधे सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे घातले. बटण फिरवलं — काही नाही! रिले लागला की नाही हेच कळेना. मीटर लावून खात्री केली. लागतोय. चिडीचूप.

आई झोपल्या होत्या. उद्या सकाळी कळेल त्यांना. शेवटचे चार दिवस तरी शांत झोपतील.

१६ नोव्हेंबर

सकाळी दार लावून सेटवर बसले. तिन्ही अँटेना फिरवून फिरवून ऐकले. इतका स्वच्छ आवाज की हेडफोन काढावेसेच वाटेनात.

खुर्चीला मागून काहीतरी धडकलं. वळले तर — वॉकर! आणि वॉकरला धरून आई. उभ्या! पाय लटपटत होते, कपाळावर घाम, अंबाडा सुटलेला. पलंगापासून इथवर, मधलं दार ढकलून, एकट्या!

हेडफोन काढले.

"हाका मारून घसा बसला माझा," त्या धापा टाकत म्हणाल्या. "टकटक पण नाही. म्हटलं, मेलीस की काय!"