त्याची करवली

बाबा, गेल्या रविवारी तो आला होता. तुमचा तो विद्यार्थी, फौजेतल्या सुभेदारांचा मुलगा. तो पीएचडी करत असताना तुम्ही त्याला दर रविवारी जेवायला बोलवायचात आणि ताटावरून उठेपर्यंत प्रबंधाबद्दल चकार शब्द काढू द्यायचा नाहीत. आता तो जगतपुऱ्याच्या कॉलेजात विभागप्रमुख आहे, केस जवळजवळ सगळे पांढरे. चहा पार निवला तरी कप हातातच होता. मग म्हणाला, "मी लग्न करतोय." अठ्ठेचाळिसाव्या वर्षी! कॉलेजच्या लायब्ररीत काम करणारी, इथलीच, जयपूरची बाई आहे. मी अभिनंदन केलं, साखर आणायला उठले. तो मागून म्हणाला, "माझ्यामागे करवली म्हणून तूच उभं राहायचंस हं. मतलब, मला दुसरी बहीण आहे कुठे?"

तेव्हापासून मी तेविसाव्या वर्षात अडकून पडले आहे. एम.ए. झालेलं, दाराशी गाडी आणि ड्रायव्हर भैया, आणि दिवसभर करायला काही नाही. आपल्या वरच्या खोलीत अमरावतीची एक मुलगी भाड्याने राहायची. सांगानेरच्या कापडछपाईच्या कारखान्यात ती नक्षी काढायची, संध्याकाळी बसने यायची तेव्हा बोटं निळी असायची. तिचं आणि त्याचं जमवायचं, हे मी परस्पर ठरवून टाकलं होतं. दोघं मराठी, दोघं एकटे, दोघं साधे. 'साधे' हा माझा त्या वेळचा शब्द. मला 'आपल्यापेक्षा खालचे' म्हणायचं होतं का? बहुतेक होय.

दर रविवारी मी तिला खाली बोलवायची आणि बरोबर त्याच्यासमोर बसवायची. एकदा तुम्ही केलेली भरली वांगी त्याच्या ताटात वाढत मी म्हणाले, "हिने केलीत हं." त्याने घास घेतला. "चव तर सरांच्या हातची आहे." तुम्ही शांतपणे म्हणालात, "मीच केलीत." ती मुलगी ठसका लागेपर्यंत हसली. नंतर ताटं उचलताना तुम्ही मला म्हणालात, "कुणाच्या ताटात काय वाढायचं, ते आधी त्याला विचारावं." मला वाटलं, तुम्ही वांग्यांबद्दलच बोलताय.

मग इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या काकूंनी मला एकटीला गाठून विचारलं, "दर रविवारी येतो तो मुलगा, तुझ्यासाठी का गं?" मी चिडले. आणि त्यावर जो उपाय मला सुचला, त्याचा मला भारी अभिमान वाटला. राखीपौर्णिमेला त्यालाच राखी बांधायची, म्हणजे लोकांची तोंडं बंद होतील आणि त्या दोघांचा मार्ग मोकळा. इथे तर राखीचं नातं रक्ताच्या नात्याहून पक्कं मानतात.

पाट मांडलेला आहे. मुद्दाम बोलावलेल्या काकू सोफ्यावर बसल्या आहेत. तुम्ही पेपर खाली ठेवता. "त्याला विचारलंस?"

"राखीला काय विचारायचं असतं, बाबा?"

तो माझ्याकडे बघतो. "नक्की?"

"नक्की."

तो घड्याळ काढून खिशात ठेवतो आणि हात पुढे करतो.

दिवाळीच्या आधी ती मुलगी पेढे घेऊन आली. कारखान्यातल्या मास्तरांच्या मुलाशी तिचं ठरलं होतं, वर्षभर चाललं होतं म्हणे. मी थक्क होऊन तुमच्या विद्यार्थ्याचं नाव काढलं, तर ती डोळे मोठे करून म्हणाली, "ताई, ते तर सगळा वेळ तुमच्याकडे बघायचे! मला वाटायचं, तुम्हाला लाज वाटते, सोबत हवी असते, म्हणून मला बसवता."

त्या दिवशी स्वयंपाकघरात तुमच्यापाशी मी किती रडले. "मला माहीतच नव्हतं हो, बाबा." तुम्ही गॅस बंद केलात, म्हणालात, "माहीत नव्हतं, तर त्यात तुझा काय दोष." पुढे मी एकेक स्थळ नाकारत गेले, तुम्ही कधी कारण विचारलं नाहीत. तो मात्र येतच राहिला, राखीला, भाऊबीजेला. तुम्ही गेलात तेव्हा मुलासारखा खांदा दिला. अशा माणसाला मी कोणत्या तोंडाने काय सांगणार होते? आणि कधी? दर वर्षी आणखी थोडा उशीर झालेला असायचा.

गेल्या रविवारी मी "हो" म्हणाले. विचारलं, साडी कुठल्या रंगाची नेसू? तो म्हणाला, "तिला पिवळा आवडतो." काल पिवळी घेऊन आले.

हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणूनच हे लिहिण्याचा धीर होतोय. मी तुमच्याशी खोटं बोलले होते, बाबा. "नक्की?" असं त्याने विचारलं, तेव्हा मी त्याचा चेहरा पाहिला होता आणि मला सगळं कळलं होतं. त्याचंही, माझंही. पण काकू बघत होत्या, आणि सुभेदाराचा मुलगा मी स्वतःसाठी कधी मनातही आणला नव्हता. मी एक गाठ मारली. तेवढी पुरली असती. मी दुसरीही मारली.