दोन इंच सैल

४ नोव्हेंबर, सोमवार

टेप तीनदा लावली. तीनदाही तेच — कंबर दोन इंच जास्त!

सुतळी म्हणाली, "तुझी टेप आटलीय." म्हटलं, "टेप आटत नसते गं, कपडे आटतात." तर हसली. पण हसता हसता पोट आत ओढून घेतलं, ते मला आरशात दिसलं. अकरा वर्षं मी तिला कपडे घालतेय. पहिल्या ऑडिशनला तिने घातलेला शर्ट माझा होता, मागून सहा चिमटे लावून अंगाबरोबर बसवलेला. समोरून राजकन्या, मागून वाळत घातलेलं धुणं! कॉलेजात ती काडीसारखी होती म्हणून सुतळी, मी टोचून बोलायचे म्हणून टाचणी. ही नावं आमच्या दोघींतच राहिली. आता तिला रस्त्यात लोक ओळखतात आणि मला तिची पर्स सांभाळणारी समजतात. असो.

आकडा मापांच्या वहीत लिहिला. ती वही कुणाला दाखवायची नाही, ट्रायल रूममध्ये दिसलं ते ट्रायल रूममध्येच ठेवायचं — आमच्या धंद्यातला हा एकच नियम, आणि तो कुठे लिहिलेला नाही. मी कधी मोडलेला नाही.

पुढच्या सोमवारी कपड्यांच्या कंपनीत रॅक दाखवायचा आहे — म्हणजे तिच्यासाठी मी निवडलेले कपडे, हँगरला लावून. दोन वर्षं त्यांच्या सगळ्या जाहिरातींत सुतळीचा चेहरा. फोटो फेब्रुवारीत. सगळं ठरलंय, फक्त सही बाकी. तिची मालिका बंद पडून दीड वर्ष झालं, तेव्हापासून ती घरी बसलीय आणि निम्मी मी. फ्रीलान्स म्हणजे दुसऱ्याच्या सहीकडे डोळे लावून बसणं.

५ नोव्हेंबर

चार दिवस चापून जेवलं तरी दोन इंच वाढत नाहीत.

६ नोव्हेंबर, बुधवार

दुसरं फिटिंग. बूट घालताना वाकली नाही, खुर्चीत बसून पाय वर घेतला. कॉफी नको म्हणाली — ती, जी कॉफीशिवाय "सुप्रभात" ऐकूनही घेत नाही! मी स्टीमर सुरू केला, ओल्या लोकरीचा वास सुटला, तशी उठून बाथरूममध्ये. तोंड धुऊन आली. "ॲसिडिटी गं." मी "हं" म्हटलं.

दिवस गेलेत तिला. दुसरं काय!

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. (नियम मोडला का? नवरा मोजायचा नसतो.) तो गणित शिकवतो, त्याला सगळ्याची सिद्धता लागते. "सरळ विचार की तिला." म्हटलं, तिने सांगायला हवं. "मग सुतावरून स्वर्ग गाठू नकोस," म्हणाला आणि पेपर तपासायला बसला.

वडिलांशी भांडून घर सोडलं तेव्हा तिने पहिला फोन मला केला होता. लग्न करायचं तिने ठरवलं तेव्हाही, त्या मुलाला सांगायच्या आधी! आणि हे मला टेपने सांगावं?

८ नोव्हेंबर, शुक्रवार

लिहूनच टाकते. मत्सर वाटतोय.

चार वर्षं आम्ही डॉक्टरांकडे हेलपाटे घातले. सुया, गोळ्या, तारखा, पुन्हा तारखा. दोन वर्षांपूर्वी थांबायचं ठरवलं — शहाण्या माणसांसारखं, चहा पिता पिता. रडारड नाही. फाइल कपाटाच्या वर ठेवली. तेव्हा मी तिसाव्या पानापर्यंत आले होते एका कादंबरीच्या, ती अजून तिथेच आहे. सुतळीला हे सगळं ठाऊक आहे. म्हणूनच सांगत नसेल. मला जपत असेल. तेच तर सहन होत नाही — मी कुणी जपून ठेवायची काचेची वस्तू आहे का?

दुपारभर टाचण्या लांबीनुसार लावल्या. मग रंगानुसार. आईचा फोन आला, "काय करतेस?" म्हटलं, टाचण्या लावतेय. "तुझं बरं आहे बाई, हलकं काम." काल नऊ सूट खांद्यावर टाकून तीन मजले चढले, ते सांगितलं नाही.

९ नोव्हेंबर, शनिवार

चार शोरूम पालथ्या घातल्या. कंपनीने स्वतःचे बारा नमुने पाठवलेत, बाकी जोडीचं मी आणायचं. त्यांचं म्हणणं स्वच्छ आहे — या वर्षी अंगाबरोबर बसणारे कपडे विकायचेत, कंबर दिसली पाहिजे. आणि मी काय उचललं? ढगळे कोट, कंबर वर असलेले झगे, गुडघ्यापर्यंतचे शर्ट. त्यांच्या नमुन्यांतलेही सात बाजूला काढले. शोरूमवालीने विचारलं, "एवढा मोठा साइझ कुणासाठी?" म्हटलं, एकावर एक घालायचेत.

दहा जणांसमोर तिची चेन अर्ध्यात अडकलेली मला बघवणार नाही. तिच्या पोटाला काही आवळायला नको. ती सांगो न सांगो, आपण मैत्रिणीचं झाकावं. झाकली मूठ!

बुटांच्या तळांना चिकटपट्ट्या लावल्या, किमतीच्या चिठ्ठ्या आत खोचून टाचल्या. उसन्या कपड्यांचं असंच असतं, आले तसे परत गेले पाहिजेत. हे काम करताना मन शांत होतं एरवी. आज झालं नाही.

११ नोव्हेंबर, सोमवार

कंपनीत गेले. सुतळी अकराला येणार होती, मी दहालाच रॅक लावला. कंपनीबाई आल्या. पन्नाशीच्या, आखूड केस, सपाट चपला, डोळे इस्त्रीसारखे. एकेक हँगर सरकवत शेवटपर्यंत गेल्या आणि पुन्हा पहिल्यापासून.

"आमचं पत्र वाचलंत ना तुम्ही?"

"वाचलं."

"मग हे सगळं झाकणारं का? आम्हाला कंबर विकायचीय, तंबू नाही."

मी म्हटलं, "तिला सध्या हेच शोभेल."

"सध्या?"

मी एका बाहीवरचे तंतू काढत राहिले. बाहीवर तंतू नव्हते. त्या माझ्या हाताकडे बघत होत्या, तोंडाकडे नाही. मग म्हणाल्या, "अच्छा." आणि माझ्यासाठी चहा मागवला, स्वतः नाही घेतला.

सहज निघून गेलं तोंडातून. एक शब्द! इतक्या वर्षांत जीभ कधी घसरली नव्हती.

सुतळी आली, चार जोड घातले, सगळ्यांना हसवलं. एकीने टाळ्यासुद्धा वाजवल्या. रस्त्यावर आल्यावर माझा दंड धरून म्हणाली, "झालं ना गं? झालं असंच धरायचं ना?" म्हटलं, "झालंच."

१२ नोव्हेंबर

फोन नाही. त्यांचाही नाही, तिचाही नाही. नवरा म्हणतो, फेऱ्या मारून फरशी झिजवशील.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

कपडे परत केले. चिकटपट्ट्या सोलून काढताना एका बुटाचा तळ थोडा उचकटला. शोरूमवालीच्या लक्षात नाही आलं. मी दाखवला! नको तिथे खरं बोलायची हौस.

संध्याकाळी कंपनीचा निरोप — सही पुढे ढकलली. कारण नाही. सुतळी फोनवर म्हणाली, "मोठ्या कंपन्यांचं असंच असतं, नाही?" आवाजात धाकधूक. मी "असंच असतं" म्हटलं आणि मिक्सर लावला, म्हणजे जास्त बोलावं लागू नये. मिक्सर रिकामा होता.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

सुतळी घरी आली. न कळवता. दारातच म्हणाली, "गेलं."

कंपनीबाईंनी सकाळी बोलावून सरळ विचारलं होतं — बातमी आहे का? सुतळीला खोटं बोलता येतं ते फक्त कॅमेऱ्यासमोर. तिसरा महिना आहे. कंपनीबाईंनी अभिनंदन केलं, तब्येतीला जप म्हणाल्या, आणि तिच्या जागी घेतलेल्या दुसऱ्या मुलीचं नावही सांगून टाकलं. स्वतः दोन मुलांची आई आहे ही कंपनीबाई! सही आधी झाली असती तर त्यांना फोटो उन्हाळ्यानंतर घ्यावे लागले असते. म्हणून तर ही सांगायची थांबली होती.

"सही झाल्या झाल्या सांगणार होते. सगळ्यांत आधी तुला. कसं सांगायचं त्याची तालीम करत होते गं, तुला त्रास होऊ नये म्हणून." माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मी पाठीवरून हात फिरवत होते. नाक पुसून तिने विचारलं, "कुणी सांगितलं असेल त्यांना?"

मी म्हटलं, "कुणास ठाऊक."

१८ नोव्हेंबर, सोमवार

सुतळीने काकूंना काढून टाकलं.

काकू म्हणजे तिची मेकअपवाली, मालिका बंद पडल्यावरही उद्घाटनं-समारंभांना येणारी. साठी जवळ आलीय, तोंडात बडीशेप, सेटवर सगळ्यांची खबर ठेवणार. आठ वर्षं तिघींनी एका डब्यातून खाल्लंय. सुतळी म्हणते, "चेहऱ्याला हात लावणारीलाच कळणार ना? आणि तिच्या पोटात काही राहतं का!" मी काय म्हणाले? मी म्हणाले, "तसं नसेल गं." एवढंच. तेही हळू.

चोर सोडून संन्याशाला फाशी.

१९ नोव्हेंबर

नवरा: "तू तिला सांगितलंस का, की तुझ्या तोंडून गेलं?" मी: "सांगेन." तो: "कधी?" गणिताचे मास्तर!

२० नोव्हेंबर, बुधवार

काकू आल्या. माझी छोटी कात्री त्यांच्या पेटीत राहिली होती, ती द्यायला. आत या म्हटलं तर उंबऱ्यावरच उभ्या.

"मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं," म्हणाल्या. "कातडी बोलते गं. पण मी माझ्या नवऱ्यालासुद्धा बोलले नाही. मी बडबडी आहे, सगळं जग म्हणतं. पण काय बोलायचं नाही ते बडबड्यालाच नीट कळतं." मग म्हणाल्या, "तू सांग ना तिला. तुझं ऐकते ती."

मी कात्री हातात घेऊन उभी. "सांगते, काकू." त्यांनी माझ्या गालाला हात लावला. "किती ओढलीय कातडी. झोपत जा जरा." माझी कातडी काय बोलली असेल त्यांच्याशी, देव जाणे. दार लावलं आणि तिथेच खाली बसले. लाज वाटली.

२१ नोव्हेंबर

कंपनीबाईंचा निरोप — नव्या मुलीचे कपडे मीच बघावेत. "तुमची नजर चांगली आहे." उत्तर दिलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

सांगितलं.

सुतळी सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती, नवऱ्याच्या शर्टात. मी पर्सही खाली न ठेवता उभ्या उभ्या सगळं बोलून टाकलं — टेप, दोन इंच, ढगळे कोट, रॅक, आणि तो एक शब्द. जीभ घसरली म्हणाले. काकूंचा काही संबंध नाही म्हणाले.

तिने पाय खाली घेतले. मला वाटलं, आता उठून दार दाखवेल. मग म्हणाली, "म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"टेपला माहीत होतं."

"आणि ते तंबू तू माझ्यासाठी आणलेस? मला आवळू नये म्हणून?" डोळे भरून आले तिचे. "मूर्ख! एक शब्द गिळता आला नाही तुला? मी दोन महिने उलट्या गिळतेय!" आणि उशी फेकून मारली. मग हसायलाच लागली, रडत रडत. मला ओढून शेजारी बसवलं. "सही गेली. वाईट वाटतंय, खोटं कशाला बोलू? पण राग नाही येत तुझा. तू माझं झाकायलाच गेली होतीस." माझा हात घेऊन स्वतःच्या पोटावर ठेवला. "बघ रे, मावशीनेच तुला पहिल्यांदा ओळखलं."

माझ्यासमोरच काकूंना फोन लावला. माफी मागितली, दोनदा. पलीकडून काकू काय म्हणाल्या ते ऐकू आलं नाही, पण खूप वेळ म्हणत होत्या.

२५ नोव्हेंबर

नवरा म्हणाला, "सुटलीस." म्हटलं, हो. वाटीभर खीर खाल्ली, वर पुन्हा घेतली. मग कपाट आवरायला काढलं. आवरलं. पुन्हा सगळं पलंगावर ओतलं. बरं वाटायला हवं ना आता? काकू कामावर आल्या, सुतळी बोलतेय, मी मावशी झाले. मग हे कपडे मी तिसऱ्यांदा का घडी घालतेय?

२७ नोव्हेंबर, बुधवार

या वहीत अकरा तारखेला लिहिलंय, "सहज निघून गेलं." खोटं आहे ते. वर जाताना लिफ्टमध्ये मी एकटीच होते. आरशात बघून "सध्या" दोनदा म्हणून पाहिलं होतं — कसं म्हटलं की निसटल्यासारखं वाटेल.