चुलीमागची जागा

माय, तू गेल्यावर धाकटीनं सांभाळलेलं देवगाव फाट्यावरचं तुझं हॉटेल आता दुसऱ्याकडं गेलं. धाकटी आता लेकाकडं पुण्याला राहणार. तिनं शेवटचं पत्र्याचं दार ओढलं तेव्हा मी शेजारीच उभी होते. मला रडू यायला हवं होतं. पण मनात पहिल्यांदा काय आलं सांगू? चला, आता तिच्याकडंही तू राहिली नाहीस.

मला तक्रार करायला तोंड नाही, हे मला कळतं. लहानपणी जे जे मागितलं ते सगळं मिळालं. फाट्यावर एसटी थांबली की मी गळ्यात तुझी जुनी पिशवी अडकवायचे अन् गिऱ्हाइकांना रद्दीची तिकिटं फाडून द्यायचे. सगळे हसायचे, तू हसली नाहीस. "खरंच कंडक्टर व्हायचंय? मग इकडं चुलीकडं फिरकू नकोस. धुरात बसशील तर इथंच राहशील. जा, वाचत बस." मी बशा विसळायला आले तरी हाताला धरून उठवायचीस. धाकटीचं अभ्यासात मन नव्हतं, तिनं शाळा सोडली अन् तुझ्या शेजारी येऊन बसली. आता मी याच रस्त्यावर तिकिटं फाडते. फाडते कसली, मशीनमधून काढते. घरात नळ आहे, पहाटेची ड्युटी असली की नवरा डबा करून देतो, लेक कॉलेजात जाते. सकाळी महादेवापुढं हात जोडले की मागायला काही सुचत नाही.

पण गाडी फाट्यावर आली की धाकटीकडं बघवायचं नाही. तुझ्या जागी ती बसलेली. कपाळावर तशीच विभूती, चहा ओतताना तशीच मान वाकडी. गिऱ्हाईक म्हणायचं, "अगदी म्हातारीच हाय ही." अन् मला विचारायचं, "मॅडम, गाडी जिंतूरला जायलीय का?" मी चहा गाडीतच मागवायचे. तिच्यासमोर बसून पिणं जमायचं नाही.

गेल्या महिन्यात तिनंच सांगितलं, "अक्का, गुडघे लय दुखायलेत. हॉटेल दुसऱ्याला द्यायलेय."

"मला विचारलं न्हाईस?"

ती हसली. "तुला? तुला येतो का चहा? मायनं तुला कधी शेगडीजवळ बसू दिलं का?"

ती चिडवत नव्हती, खरंच विचारत होती. म्हणून जास्त लागलं. मी म्हणाले, एक दिवस मला बसू दे. शेवटच्या आठवड्यात रजा टाकली अन् बसले तुझ्या जागेवर. तुझी चूल गेली, आता गॅस आहे, पण जागा तीच. ती सामान बांधायला घरी गेली होती. दुपारी धोतरवाले एक आजोबा आले. एक घोट घेतला अन् ग्लास खाली ठेवला.

"बाई कुठं गेली? पाणचट झालाय."

"घरी गेलीय. मी तिची थोरली बहीण."

आजोबांनी मला नीट बघितलं. "म्हातारीला दोन पोरी होत्या व्हय?"

माय, ते तुझ्या काळापासूनचं गिऱ्हाईक. मी पुन्हा आधण ठेवलं. धाकटी आली, माझ्या खांद्यावरून हात घालून तिनं पत्ती टाकली, आलं ठेचलं. आजोबांनी दुसरा ग्लास संपवला अन् तिला म्हणाले, "आता कसं!" मी बाजूला सरकले. तिनं सरक म्हटलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ड्युटीवर गेले. पाठ मोडली होती, बोट भाजलं होतं. मी घंटी मारली, गाडी सुटली, अन् मला बरं वाटलं. इतकं बरं की माझीच मला लाज वाटली. तू मला जे दिलंस तेच मला हवं होतं. आजही विचारलंस तर तेच मागेन.

हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून लिहून टाकते. पुन्हा कधी आमच्या दोघींची माय झालीस, तर मला असंच हाताला धरून उठव. पण मग धाकटीलाही मारूनमुटकून शाळेत धाड. तिचं भलं व्हावं म्हणून म्हणत नाही. दिवसभर तुझ्याजवळ ती एकटीच असू नये, म्हणून.