उझैरच्या आवाजातली नावं

रविवार, ९ मार्च

उझैरला मारलं. लग्नात, भर दुपारी, गाणं चालू असताना. माझ्या बायकोचा — नुरबैतीचा — धाकटा भाऊ, आमच्या ऑर्गन-पार्टीत सॅम्पलरवर बसायचा. पोटात सुरा. कारण काय, तर सरपंचाचं नाव हाजी सोब्रींच्या आधी वाजलं!

क्रम यजमानानं दिलेला. उझैरनं नेहमीसारखी पाहुण्यांची नावं स्वतःच्या आवाजात भरली, लॅपटॉपवरच्या प्रोग्रॅममध्ये कापून-तासून एकेका पॅडवर बसवली आणि केबलनं यंत्रात ढकलली. पॅडवर बोट आपटलं की गाण्यातून हाक येते — ‘कुठंयत, कुठंयत — अमुकतमुक! उभं राहा की!’ मानकरी छातीवर हात ठेवून उठतो, मांडव बघतो. आमच्या नदीकाठी माणूस एक वेळ उपाशी राहील, पण दुसऱ्याच्या मागून उभा राहणार नाही.

मी लॅपटॉपात डोकं घालून पुढचं गाणं चढवत होतो. नुरबैतीचं गाणं मध्येच तुटलं म्हणून मान वर केली. हाजींचा भाचा रोझाली समोर उभा, हातात ओला सुरा. उझैर पॅडांवर पालथा पडलेला. त्याच्या अंगाखाली पॅड दाबले जात होते आणि त्याच्याच आवाजात नावं सुटत होती. आणि पाहुणे — सवयीची गुलाम माणसं — उठून उभे राहत होते! छातीवर हात ठेवून!

होडी पलीकडच्या दवाखान्याला लागायच्या आत गेला.

सोमवार, १० मार्च

दफन झालं. फौजदार मांडवात सगळ्यांना विचारून आला. कुणी काही पाहिलं नाही. सगळे म्हणे पानातला रस्सा बघत होते. एवढं मन लावून जेवणारं गाव जगात दुसरं नसेल.

मी पाहिलं म्हणालो. फौजदार मला दादा म्हणावं तसं ‘काक’ म्हणतो. म्हणाला, ‘काक दारमावी, तुम्ही वाजवणारे. उद्या परत याच लोकांत वाजवायचंय तुम्हाला.’ समजूतदार माणूस.

बुधवार, १२ मार्च

सॅम्पलर पुसला. रक्त पॅडांच्या फटीत गेलंय, टोकदार काडीनं काढावं लागलं. छोट्या पडद्याच्या आत एक तपकिरी ढग शिरलाय, काही वाचता येत नाही. म्हणजे कुठल्या पॅडवर काय आहे ते आता फक्त लॅपटॉपला ठाऊक. आणि ज्यानं बसवलं त्याला.

नुरबैती रडत नाही. हाजींकडून सातव्या दिवसाच्या प्रार्थनेसाठी बकरा आला. मला वाटलं, हाकलून देईल. तिनं तो स्वतः कापला. एका हातानं मान धरून, बिस्मिल्ला म्हणून. मी मागे सरकलो. बकऱ्याचा दोष एवढाच की तो हाजींचा होता.

रविवार, १६ मार्च

प्रार्थना झाली. पाहुणे गेल्यावर ती लॅपटॉपपाशी बसली. उझैरनं आजवर भरलेली सगळी नावं त्यात आहेत. एक उघडायची, ऐकायची. सुरुवातीचा श्वास कापायची. पुन्हा जोडायची. मी म्हटलं, अगं, जेव. म्हणाली, ‘याचा श्वास बघ. हाक मारायच्या आधी घ्यायचा तेवढा.’ पडद्यावर एक बारीकशी रेघ होती.

गुरुवार, २० मार्च

समेट ठरला. आमच्याकडची रीत — मारणाऱ्याच्या आणि मेलेल्याच्या घरात तांदळाच्या पिठाचं पाणी शिंपडायचं, हळदीचा चिकट भात भरवायचा, की दोन्ही घरं सख्खी. ज्यानं नेला त्यानंच जागा भरायची. म्हणजे रोझाली आता नुरबैतीचा भाऊ! नदीत जाळं टाकायला मदत करेल, ईदला पाया पडेल. आमच्या पूर्वजांना कुणी सांगितलं होतं एवढं शहाणं व्हायला?

वडीलधाऱ्यांनी विचारलं तेव्हा नुरबैती म्हणाली, ‘चालेल.’

समेटाच्या जेवणाला ऑर्गन हवा, असा हाजींचा निरोप. पहिलं नाव त्यांचं. आणि आवाज मेलेल्याचा नको — ‘तुम्हीच भरा, काक.’

शनिवार, २२ मार्च

माझ्या आवाजात नावं भरली. माझा आवाज म्हणजे फुटक्या हंड्यात बेडूक. नुरबैती म्हणाली, ‘त्याचाच राहू दे.’ मी नाही म्हटलं. तिनं हातातली बशी माझ्या कानाजवळून भिंतीवर फोडली. दुसरीही. मग शांतपणे काच गोळा केली, नि म्हणाली, ‘बरं. तू भर. पॅडवर मी बसवते.’

बशा माझ्या आईच्या होत्या. असो. कान वाचला.

रविवार, २३ मार्च

आज लिहू नये. लिहितो तरी.

पिठाचं पाणी झालं. रोझाली नुरबैतीसमोर गुडघ्यावर बसला. जेमतेम मिसरूड फुटलेला. तिनं हळदीच्या भाताचा गोळा स्वतःच्या हातानं त्याच्या तोंडात दिला. तो पुटपुटला, ‘युक.’ ताई. ती म्हणाली, ‘खा.’ बायाबापड्यांनी डोळे पुसले. फौजदारही जेवायला होता.

मग आम्ही उभे राहिलो. तिनं गाणं धरलं. मी पहिला पॅड मारला — हाजींचा.

उझैरचा आवाज. ‘कुठंयत, कुठंयत — रोझाली! उभं राहा की!’

रोझाली उठला. सवयीनं, छातीवर हात, अर्धवट हसत.

स्टेजवरचा आमचा एकच धर्म आहे: चुकीचं वाजलं तर थांबायचं नाही, लगेच पुढचा पॅड मारून झाकायचं. हयातभर तेच केलं. झाकायला मी दुसरा मारला. ‘रोझाली! उभं राहा की!’ तिसरा. ‘रोझाली!’ घाबरलो की माझी बोटं जोरात पळतात. खालची ओळ, वरची ओळ — तिनं सगळ्या पॅडांवर तेच भरलं होतं! तो उभाच. बसावं तर हाक, बसावं तर हाक. नुरबैती गाणं थांबवून माइक हातात धरून त्याच्याकडे बघत होती.

त्याचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला. ओरडला, ‘बंद करा ते!’ सुरा काढला आणि पानं तुडवत स्टेजवर आला. नुरबैती माझ्या डाव्या हाताला, स्पीकरला जाणाऱ्या केबलपाशी. तो तिकडं वाकला. मी सॅम्पलर उचलला. लोखंडी पेटीचा, जुन्या जमान्याचा, जड. त्याच्या कानशिलावर घातला. तो गुडघ्यावर आला. पुन्हा घातला. हाड मोडल्याचा आवाज ओल्या फांदीसारखा येतो. पुन्हा घातला. तोवर हाका थांबल्या होत्या, मला कळलंच नाही.

सोमवार, २४ मार्च

रोझाली पहाटे मेला.

फौजदारानं विचारलं, कुणी पाहिलं? गाव म्हणालं, रस्सा फार छान झाला होता. तो स्वतःही तोच रस्सा खात होता.

नुरबैती आज पोटभर जेवली. ताट घासून ठेवलं, मग आडवी झाली आणि दुपारभर घोरत झोपली. मी पंख्याची दिशा तिच्याकडे केली. तिच्यासाठी केलं, असं स्वतःला सांगतोय. पहिला घाव कदाचित. पुढचे मला आवडले होते.

शुक्रवार, २८ मार्च

सूड घ्यायला कुणी आलं नाही. मी दाराआड कोयता ठेवून झोपतो. हाजींचा निरोप तेवढा आला: फिट्टंफाट झाली, विषय संपला. एवढी घाई? हाजी सोब्री कोंबडी हरवली तरी महिनाभर पंचायत बसवतात.

यंत्र दुरुस्तीला काढलं. केबल हिसडून तुटली असेल असं धरून चाललो होतो. तुटलेली नाही. कापलीये. पात्यानं, एका घावात, सरळ. म्हणजे तो वाकला होता तो नुरबैतीवर नाही. आवाज बंद करायला आला होता पोरगा.

नुरबैतीला केबल दाखवली नाही. चुलीत टाकली. घरभर घाण धूर झाला. तिनं विचारलं काय जळतंय. म्हटलं, वायर. खोटं तर नाही.

शुक्रवार, ४ एप्रिल

रोझालीची आई आली. मैमुना. एकटीच होडी वल्हवत. सोबत वडीलधारे नाहीत, हाजी नाहीत. फडक्यात हळदीचा भात, वाटीत पिठाचं पाणी. मी कोयत्याकडे बघितलं आणि मलाच लाज वाटली. तिनं पाणी माझ्या कपाळाला लावलं, भाताचा गोळा भरवला. म्हणाली, ‘माझ्या लेकाची जागा रिकामी झाली. रीत आहे. तू भरायचीस.’ मी गिळलं.

मग खालच्या आवाजात, माझी बाही धरून: ‘आता पोटचा झालास म्हणून सांगते. सुरा हाजीच्या थोरल्या पोरानं खुपसला. माझ्या लेकानं तो पोटातून उपसला. उझैर वाचेल म्हणून. घराण्यानं सांगितलं, तू अंगावर घे. त्यानं घेतलं अंगावर.’

आतून नुरबैतीनं विचारलं, कोण आलंय?

‘माझी आई,’ मी म्हणालो.