मान हलवण्याची कला

५ फेब्रुवारी, सोमवार
पॅकिंगच्या हेडची जागा रिकामी होतेय. सीनियर मीच. पण साहेब म्हणाले, काम चोख आहे तुमचं, कम्युनिकेशन तेवढं सुधारा. आता मी काय कमी बोलतो? तरी ऑनलाइन कोर्स लावला. स्टोअर विभागातल्या त्या चष्मेवाल्याचंही नाव चर्चेत आहे म्हणे. तो तर कायम तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेला. त्याची भीती नाही.

६ फेब्रुवारी, मंगळवार
पहिला धडा: ऐकणं हेच खरं बोलणं. नजरेला नजर, किंचित हसू, अधूनमधून मान हलवणं. आरशासमोर सराव केला. ही दारातून काहीतरी सांगत होती, तिला हातानेच थांबवलं. ऐकण्याचा सराव चालू असताना कोणी बोललं की लय बिघडते.

८ फेब्रुवारी, गुरुवार
अकाउंट्सच्या बाईंवर प्रयोग. त्यांनी विचारलं, बरं नाही का वाटत? नजर जास्त झाली बहुधा. यापुढे भुवयांच्या मधोमध बघायचं. घरी हिला सगळं तंत्र समजावून सांगितलं, तिलाही उपयोग होईल.

१२ फेब्रुवारी, सोमवार
दुसरा धडा: समोरच्याचं म्हणणं आपल्या तोंडाने परत म्हणायचं. सकाळी ही म्हणाली, स्वयंपाकघरातला नळ गळतोय, प्लंबरला फोन करा. मी म्हणालो, म्हणजे तुला असं म्हणायचंय की नळ गळतोय. ती हो म्हणाली. मी मान हलवली. संवाद इतका छान झाला की फोन राहून गेला.

१३ फेब्रुवारी, मंगळवार
स्वयंपाकघरात पाणीच पाणी. हिचं रागावणं मी शेवटपर्यंत मान हलवत ऐकलं. त्याने ती आणखी भडकली. यावर उपाय पुढच्या धड्यात असेल. तूर्त बादली लावलीय.

१५ फेब्रुवारी, गुरुवार
साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. पाठ ताठ, नजर भुवयांच्या मधोमध, हसू बेताचं. साहेब बराच वेळ बोलले. काय ते नीट आठवत नाही, कारण मानेकडे लक्ष ठेवावं लागतं. चष्मेवाल्याचं नाव आलं, कंपनीचं हित आलं. शेवटी म्हणाले, तुमची हरकत नाही ना? मी म्हणालो, म्हणजे माझी हरकत नाही, असं तुम्हाला म्हणायचंय. साहेबांनी उठून हात मिळवला. इतक्या शांतपणे आजवर कोणी ऐकलं नव्हतं म्हणे. जागा खिशात! येताना केक आणला. ही म्हणाली, ऑर्डर मिळाली का हातात? हिचा माझ्यावर विश्वासच नाही.

१९ फेब्रुवारी, सोमवार
नोटीस लागली. पॅकिंगचा हेड चष्मेवाला. मी ग्राहकांच्या तक्रार खिडकीवर. तणतणत केबिनमध्ये गेलो. साहेब म्हणाले, गुरुवारी सगळं सांगितलं होतं की, तुम्ही तर हसत होतात. तक्रारी ऐकायला असाच माणूस हवा होता. मी मान हलवली. आता ती आपोआप हलते.

दिवसभर खिडकीत बसून लोकांची बोलणी खाल्ली. घरी आल्यावर हिला सगळं सांगायला लागलो. म्हटलं, फार वाईट वाटतंय गं, इतक्या वर्षांची नोकरी.

हिने माझ्या भुवयांच्या मधोमध पाहिलं. बेताचं हसली. मान हलवली. म्हणाली, म्हणजे तुम्हाला असं म्हणायचंय की तुम्हाला वाईट वाटतंय.

मी हो म्हणालो.

मग ती नळाखालची बादली रिकामी करायला गेली.